आखाजी, माय आणि ओसरीवरची खाट

आखाजीला नऊ दिवस बाकी

खान्देशात दिवाळीपेक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरं जास्त भरतात. लेकी माहेरी येतात. सुरत, नाशिक, पुण्याकडे गेलेले भाऊ बायकापोरांसह येतात. सुरत-भुसावळ लाइनवर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला उतरणाऱ्यांच्या पिशव्या बघितल्या की सण कळतो. आणि याच चार दिवसांत वर्षभर झाकलेली भांडणं वर येतात.

याला स्वभाव कमी आणि तिथी जास्त जबाबदार आहे. अक्षय्य तृतीया हा इथल्या शेतीचा हिशेबाचा दिवस. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल या दिवशी संपतं, नवं ठरतं. शेत बटाईनं (पिकाच्या वाट्यावर) द्यायचं की नफ्यानं (ठरावीक रकमेवर), तेही याच सुमारास बोललं जातं. म्हणजे पितरांची घागर, लेकींचा झोका आणि शेताचा हिशेब, सगळं एकाच ओसरीवर. मध्ये खाटेवर ऐंशी-पंच्याऐंशीची माय, जिला धड ऐकू येत नाही.

बाहेरून येणाऱ्याला वाटतं, आपण मायला भेटायला चाललो. घरी राहणाऱ्याला वाटतं, तपासणी यायला लागली. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

आठ दिवस बाकी

पहिला फोन भावाला नाही, वहिनीला. मायचं अंग पुसणं, गोळ्या, रात्रीचं उठणं हे सहसा तिच्याकडे असतं आणि यादीही तिच्याच डोक्यात असते. "काय आणू?" असं मोघम विचारलं तर "काही नको" हेच उत्तर येतं. विचारायचं ते नेमकं: मायच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या? कूलरचं गवत यंदा बदललं का? गादीवर टाकायचं रबरी कापड आहे का? गॅसची टाकी किती दिवस पुरेल? पाहुणे पंधरा असले तर टाकी आणि पाणी या दोन गोष्टींवरून पहिली ठिणगी पडते, जमिनीवरून नंतर.

कोण कधी येणार आणि कोण कधी जाणार, तेही आजच ठरावं. सगळे आदल्या रात्री आले आणि सगळे तिसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर मागे खरकटी पातेली, ओल्या चादरी आणि एकटी वहिनी उरते. एका घरानं दोन दिवस आधी येऊन दळण-निवडण उचलावं, दुसऱ्यानं दोन दिवस मागे राहून आवराआवर. वर्षभराची निम्मी तक्रार एवढ्यानं मिटते.

तीन दिवस

खाट हलवू नका. घर भरलं की पहिली सूचना हीच येते: "मायला आतल्या खोलीत घ्या, ओसरीवर पाहुणे झोपतील." माय पंचवीस वर्षं त्याच जागी झोपते. रात्री उठल्यावर डाव्या हाताला भिंत आणि सहा पावलांवर मोरी, हे तिच्या पायांना पाठ आहे. जागा बदलली की मध्यरात्री उठून ती भलत्या दिशेला चालते आणि पडते. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सणच काय, पुढचं वर्ष जातं. ज्यांचा विसरभोळेपणा वाढलेला आहे त्यांना नवी जागा, नवी माणसं आणि रात्रीचा गलबला यांनी आणखी गोंधळायला होतं. संध्याकाळनंतर तर जास्तच. खाट जागेवर, मोरीपर्यंत एक मंद दिवा आणि वाटेत कुणाचीही बॅग किंवा अंथरूण नाही.

कूलरचंही तसंच. मायचा कूलर नातवंडांच्या खोलीत जातो आणि त्यावरून दोन जावा दोन दिवस बोलत नाहीत. शिवाय खिडकी-दार बंद करून दहा जण कूलरसमोर झोपले तर तो थंडावा देतच नाही. खोलीतली हवा दमट होते आणि अंग चिकचिकतं. कूलरला एका बाजूनं कोरडी हवा आत यायला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४२ ते ४५ अंशांत खेळतो. म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं उशिरा कळतं, आणि मोरीला जायचा कंटाळा म्हणून ती पाणी मुद्दाम कमी पिते. पाहुण्यांच्या देखत दर तासाला उठावं लागलं तर लाज वाटते, म्हणून त्याहूनही कमी. तांब्या भरून खाटेखाली ठेवला म्हणजे झालं असं नाही. हातात पेला द्यायचा, तोही घोटाघोटानं. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात टाकू नये, मिठाचं प्रमाण बिघडतं. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर ते माप आलेल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. नाहीतर "तुम्ही तिला पाणीसुद्धा देत नाही का?" हे वाक्य येतंच.

आदला दिवस

औषधांचा डबा. बाहेरचा मुलगा मोठ्या शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन येतो, घरी तालुक्याच्या डॉक्टरांच्या चालू असतात. पाकिटं वेगळी, नावं वेगळी, आत औषध एकच. दोन्ही दिली की बीपी एकदम खाली येतं आणि माय उठताना भोवळ येऊन बसते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते जुळवून बघायचं. जुन्या गोळ्या फेकायच्या नाहीत, नव्या सुरू करायच्या नाहीत. दोन्ही चिठ्ठ्या एका पिशवीत घालून सण झाल्यावर एकाच डॉक्टरांना दाखवायच्या. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्याही त्याच पिशवीत; किडनीला त्या जड जातात आणि बीपीच्या औषधाशी त्यांचं जमत नाही.

आखाजी

घागर. मातीच्या घागरीवर छोटं भांडं, त्यावर डांगर (खरबूज), आंबा, गोड सांजोरी. यंदा वडील गेलेले असतील तर ही त्यांच्या नावाची पहिली घागर. मायच्या दृष्टीनं आजच्या दिवसात एवढंच असतं. भाऊ वेगळे निघाले असतील तर बऱ्याच घरांत घागरीही दोन होतात आणि माय कुठल्या घरी जेवली याचा वर्षभर हिशेब राहतो. तो निर्णय तिच्यावर ढकलू नये. नैवेद्य दोन्हीकडे होऊ दे, जेवायचं मात्र जिथे तिची खाट आहे तिथेच, आणि हे दोघा भावांनी आदल्या दिवशी आपसात ठरवून टाकावं.

आता जेवण. "मायला पुरणपोळी द्यायची का?" यावर दरवर्षी वाद होतो आणि दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतात. मधुमेहाच्या माणसाला आजच्या दिवशी पहिला धोका गोडाचा नसतो, उशिराचा असतो. रोज ती दहाला जेवते. आज आधी घागर, मग पितर म्हणून बोलावलेला माणूस जेवणार, मग पंगत, एक-दीड वाजतो. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन मात्र वेळेवर दिलेलं असतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं किंवा इन्सुलिननं पोट रिकामं असताना साखर झपाट्यानं उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, ती असंबद्ध बोलायला लागते. बाहेर ४४ अंश, म्हणून सगळे म्हणतात ऊन लागलं, पडू द्या जरा. पडू द्यायचं नाही. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून लगेच द्या, १५ मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा द्या. सावरली की थोडं खायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना.

म्हणून दहाला तिला वरण-भात किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी दुधात कुस्करून, रोजच्याएवढी. पितरांच्या आधी जेवली म्हणून कुठला पितर रागावत नाही. दुपारी पंगतीत बसवायचं आणि मानाचं ताट वाढायचं: पोळीचा लहान तुकडा, रशी (आमटी), लहान अर्धी वाटी आमरस. खापरावरची पोळी ताटाबाहेर जाते, तिची "अर्धीच दिली" म्हणजे साध्या दोन पोळ्या होतात, हे शहरातून आलेल्यांच्या लक्षात राहत नाही. आणि ताटावर बसल्यावर कुणी "शुगर! शुगर!" ओरडायचं नाही. चारचौघांत हात धरला तर ती जेवणच सोडते.

दुपारी पुरुष पत्ते मांडून बसतात, बायका झोक्याकडे जातात. एक ते चार मायला झोपू द्या. संध्याकाळी पत्त्यांत हरलेला, थोडी घेतलेला एखादा जण विषय काढतोच: "मग शेताचं काय ठरलं?" आज नाही, एवढंच उत्तर. हे उत्तर जावयानं नाही, थोरल्या भावानं द्यायचं.

दुसरा दिवस, सकाळी

बोलायचं असेल तर आज, नऊच्या आत, चहानंतर. ऊन नाही, पोट भरलेलं, कुणी प्यालेलं नाही.

मायला विचारायचं तर आधी कूलर बंद करा. या वयात कान बारीक, उंच आवाज आधी गमावतात आणि गलबल्यात शब्द वेगळे पाडू शकत नाहीत. ओरडल्यानं आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश, एकानंच बोलायचं. आणि अहिराणीत, इथल्या बोलीत. पुण्याच्या मराठीतलं "तुझी इच्छा काय आहे?" तिला परकं वाटतं, "माय, तुले काय जोयजे?" याला ती सरळ उत्तर देते. सहा जणांच्या गोंगाटात तिनं मान डोलावली आणि "माय हो म्हणाली" असं सगळ्यांनी धरलं, यावर घरं फुटली आहेत. मान डोलावणं म्हणजे बऱ्याचदा "मला ऐकू आलं नाही, पण तुम्ही थांबा" एवढंच असतं.

जमिनीचं थोडक्यात, कारण अर्धा राग गैरसमजाचा असतो. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या हिश्शाला माय, मुलगे आणि मुली सारखेच वारस. माय स्वतः हिस्सेदार आहे. तिला "सांभाळायचं कुणी" एवढ्यापुरतं धरणं कायद्यानंही चूक. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ९ सप्टेंबर २००५ पासूनची ही दुरुस्ती. त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर वारस म्हणून नावं लागली म्हणजे वाटणी झाली असं नाही. वाटणी वेगळी करावी लागते, आणि तहसीलदारांकडून समजुतीनं करायची तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कोरा कागद आणि शाईची डबी ठेवणं ही रीत नाही, दांडगाई आहे. तिनं लिहिलेला कागद वाचायला मागितला तर ती माहेर तोडत नाही. कागद सोबत नेऊ द्या.

मायच्या नावचं घर किंवा शेत एकाच मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं करायचं चाललं असेल, तर "आयुष्यभर सांभाळीन" ही अट त्या कागदातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अट मोडली तर असं हस्तांतर रद्द करून घेण्याची सोय आहे. अट तोंडी असली की ते सिद्ध करणं अवघड जातं.

यापेक्षा लवकर निकाल लागतो तो महिन्याच्या खर्चाचा. एक वही करा: औषधं, दूध, डॉक्टरांची फेरी, कूलरचं वीजबिल, लावलं असेल तर मदतीला येणाऱ्या बाईचा पगार. एकूण आकडा कळला की "आम्ही पैसे पाठवतो" आणि "आम्ही हाडं झिजवतो" यांत मोजमाप येतं. जो घरी राहतो त्याच्याकडून पैशाचा सारखा वाटा मागू नये. त्याची रात्र मोजा. वर्षातून पंधरा-वीस दिवस मायला बाहेरच्यांपैकी कुणी सांभाळणार का, आणि नेमके कधी, हे त्याच वहीत तारखेसह लिहा. तेही शक्यतो गावात येऊन. मायला शहरात नेलं की तिसऱ्या दिवशी ती दार शोधायला लागते.

पाटल्या-पोतीचा विषय कुणी काढला तर वहीत एक ओळ: माय असेपर्यंत तिच्या पेटीत.

निघायचा दिवस

वाळवणाचे डबे. बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड, सगळं याच महिन्यात झालेलं. कुणाच्या डब्यात किती गेलं हे कुणी बोलत नाही आणि सगळ्यांना पाठ असतं. करणारीलाच वाटू द्या. मायनं आपल्या हातानं एकीला जास्त दिल्या तर बघू नका.

निघताना खाटेभोवती सगळ्यांनी एकदम रडू नये. एकेकानं बसावं, पुढची तारीख सांगावी, खरी असेल तरच. "लवकर येतो" हे ती महिनाभर दाराकडे बघत धरून ठेवते.

गाडी गेल्यावर दोन-तीन दिवस ती कमी जेवते, जास्त झोपते. यावरून "आम्ही गेलो आणि तुम्ही लक्ष दिलं नाही" असा फोन करू नका. तिसऱ्या दिवसानंतरही जेवण सुधारलं नाही, किंवा ताप, लघवी कमी, बोलण्यात गोंधळ दिसला तर डॉक्टर. फोन सगळ्यांनी एकाच संध्याकाळी नको, वार वाटून घ्या. आधी वहिनीला विचारा, "जेवण व्हयनं का?" मग मायकडे द्यायला सांगा.