तुम्ही विचारलंत म्हणून: जकात हातानं का देत नाही

जकात म्हणजे आम्ही मुसलमान आपल्या मालातून गरिबांसाठी काढतो तो हिस्सा. ती मी हातानं का वाटत नाही, हे दर रमजानला कोणी ना कोणी विचारतंच. यंदा चुलत भावानं विचारलं, "गरीब दारात उभा असतानी तू जकात मशिदीच्या कमिटीत काहून भरतो?" म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

संस्थांचा राग मलाही होता. एका संस्थेला चार वर्षं दिली, पावती मिळायची, हिशोब विचारला की म्हणायचे आम्ही अल्लाहला देऊ. तो राग अजून गेलेला नाही. मग अब्बांसारखंच सुरू केलं, कृषी केंद्राच्या मालाचे अडीच टक्के काढायचे आणि सत्ताविसाव्या रोज्याला दुकानासमोर लाइन लावून शंभर-शंभरच्या नोटा वाटायच्या.

त्या लाइनीत एका बाईनं बुरख्यातून हात पुढे केला तर बोटात अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिवताना घालतात ती टोपी. शिवता शिवता तशीच उठून आली असणार. हात बघूनच ओळखलं. लहानपणी माझे ईदचे कुर्ते याच खाला, म्हणजे मावशी, शिवायच्या, माप घेताना गुदगुल्या करायच्या. मी काहीच बोललो नाही, नोट ठेवली, त्यांनीही अनोळखी माणसाला देतात तशी दुआ दिली आणि मागं न बघता गेल्या. माझी पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, त्यांनाही मी थांबवलं नाही.

सूरह बकराच्या 271 व्या आयतीत गरिबाला लपवून देणं जास्त चांगलं म्हटलंय. हीच आयत मी संस्थांविरुद्ध सांगायचो, की हातोहात दिलं की गुपचूप राहतं. कुठलं गुपचूप? अख्खा मोहल्ला बघत होता!

आमच्या मशिदीची कमिटी घेणाऱ्याचं नाव सांगत नाही, पण किती आले किती गेले ते ईदनंतरच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, सगळ्यांसमोर वाचते. वसूल करणाऱ्यांचा हिस्सा कुराणातच आहे, आमचे लोक तोही घेत नाहीत. खालांचं नाव मीच जाऊन सांगितलं. शंभराच्या नोटेनं त्यांचं काय होणार होतं? सगळ्यांचे मिळून मोटरवाली शिलाई मशीन झाली, आणि ती त्यांच्याच मालकीची, कारण जकात हकदाराच्या ताब्यात गेल्याशिवाय अदा होत नाही.

मग सगळी तिथंच भरतो का? नाही. फुफी, म्हणजे आत्या, बेवा (विधवा) आहे, तिला हातानंच देतो. नातेवाइकाला दिलं की दुहेरी सवाब, म्हणजे पुण्य, एक सदक्याचा (दानाचा) आणि एक नातं जपल्याचा. कमिटीतून पाठवलं तर तिला वाटेल भाच्यानं तोडलं. पण तिलाही लाज वाटतच असेल ना? मी पाकीट फ्रिजवर ठेवतो, ती बघून न बघितल्यासारखं करते, आणि चहा होईपर्यंत आम्ही दोघं कापसाच्या भावाचं बोलत बसतो.