हुगळीकाठचं श्रीरामपूर: डेन्मार्कचं गाव, मराठीचे खिळे

श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला नगर जिल्ह्यातलं आठवतं. हे श्रीरामपूर बंगालमधलं, हावड्याहून लोकलने साधारण अर्ध्या तासावर, हुगळीच्या पश्चिम काठावर. इंग्रजी कागदपत्रांत ते सेरामपूर. १७५५ ते १८४५ ही नव्वद वर्षं मात्र त्याचं सरकारी नाव होतं फ्रेडरिक्सनगर, डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्यावरून.

नदीच्या या पट्ट्यात युरोपियनांची वस्ती मण्यांसारखी ओवलेली होती: बांडेलला पोर्तुगीज, चुंचुड्याला डच, चंदननगरला फ्रेंच आणि त्यांच्या खाली श्रीरामपूरला डेन. नवाब अलिवर्दी खानाच्या परवान्याने डेन लोकांनी इथे वखार घातली. त्यांच्याकडे ना मोठी फौज होती, ना मोठं भांडवल. गावाची भरभराट झाली ती तटस्थपणामुळे. इंग्रज आणि फ्रेंच लढत असताना डॅनिश निशाणाखालचा माल सुखरूप युरोपला पोचायचा, म्हणून कलकत्त्यातल्या इंग्रजांचासुद्धा खाजगी पैसा या मार्गाने मायदेशी जायचा. हाच तटस्थपणा संपला तेव्हा गावही बसलं. १८०१ मध्ये इंग्रजांनी ते काही काळ ताब्यात घेतलं, मग १८०८ ते १८१५ पुन्हा. त्यानंतर व्यापार उठला नाही. शेवटी १८४५ मध्ये दक्षिणेतल्या तरंगमबाडीसह हे गाव साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकलं गेलं.

बघायला जाणार असाल तर शक्यतो नदीकडून या. सियालदाहून बराकपूरला उतरा, धोबी घाटावरून होडीने पलीकडे जा. ही सगळी घरं नदीकडे तोंड करून बांधलेली आहेत. स्टेशनकडून आलात की बाजारातून त्यांच्या पाठीमागे जाऊन पोचता, आणि गावाची मांडणी लक्षातच येत नाही. पाण्यातून आधी सेंट ओलाव्ह चर्चचा मनोरा दिसतो. निशाण घाटाजवळ डेन्मार्क टॅव्हर्न आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मुक्कामासाठी ही खाणावळ-हॉटेल १७८६ मध्ये सुरू झालं. पुढे इमारतीचं छप्पर कोसळून नुसत्या भिंती उरल्या होत्या. दुरुस्तीनंतर २०१८ पासून तिथे पुन्हा खायला-राहायला मिळतं.

सेंट ओलाव्ह ही गव्हर्नर ओले बी याची कल्पना. काम १८०० मध्ये सुरू झालं, १८०५ मध्ये तो वारला आणि चर्च १८०६ मध्ये पुरं झालं. वर्गणी कलकत्त्याहूनही आली. दर्शनी त्रिकोणावर राजा सातवा ख्रिश्चन याची अक्षरमुद्रा आहे, ती चुकवू नका. जवळच डॅनिश गव्हर्नमेंट हाऊस आहे, मोठ्या आवाराचं आणि वेशींचं.

पोर्चच्या खांबांजवळ जाऊन नीट बघा. लांबून दगडी वाटतात, पण या गाळाच्या मुलखात दगड येणार कुठून? खांब विटांचे. गोलाई द्यायची ती चुन्याच्या गिलाव्याने. चुना सिल्हेटकडून नदीवाटे यायचा, आणि त्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळायची. साधारण एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग सुरखी-वाळू. छतं सपाट. भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया, त्यांच्यावर आडवे बारीक वासे, वर चपट्या विटा आणि सर्वांत वर चुना व विटांच्या तुकड्यांचा कोबा. हा कोबा लाकडी थापीने ठोकून ठोकून बसवायचा, थापी आपटून परत उसळू लागेपर्यंत. बंगालीत या पद्धतीला ‘कडी-बरगा’ म्हणतात. जुन्या देशावरच्या माळवदाशी ती ताडून बघायला मजा येते. माळवदावर माती असते, इथे चुना.

अशा इमारती मरतात त्या बहुतेक वेळा वरून. गच्चीची पन्हळ पाल्यापाचोळ्याने तुंबते, पावसाचं पाणी साचतं, कोब्याला तडा जातो, आणि ते पाणी भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकाशी जाऊन बसतं. तिथे हवा नाही, ऊन नाही. मधली तुळई ठणठणीत आणि टोक मात्र भुसा झालेलं, असा प्रकार होतो. खालून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि एक दिवस छत बसतं. लाकडाऐवजी लोखंडी तुळई घातलेली असेल तर ती गंजून फुगते आणि भोवतालच्या विटा फोडते.

त्यावर घाईने केला जाणारा उपाय म्हणजे वरून सिमेंट ओतणे. याने घात होतो. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडतेही. सिमेंटने ती कोंडली की पाणी विटांतच राहतं, क्षार बाहेर येतात, जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत विटांचं पीठ होऊन गळू लागतं. पिंपळाचंही तसंच. नुसता वरून छाटला तर मूळ आत जाड होत राहतं. मूळ मारून, तो सांधा खरवडून, त्यात पुन्हा चुन्याचाच मसाला भरावा लागतो. सेंट ओलाव्हचं छत धोकादायक झाल्यामुळे चर्च बंद ठेवावं लागलं होतं. डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय आणि इथल्या वास्तुसंवर्धकांनी मिळून काम केलं, २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. रंगरंगोटीआधी छत धरलं, हे मला या कामाचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

मराठी माणसाने मात्र थांबायचं ते नदीकाठच्याच रस्त्याला असलेल्या कॉलेजपाशी. कंपनी सरकार आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देत नव्हतं, म्हणून विल्यम कॅरी जानेवारी १८०० मध्ये या डॅनिश गावात आला. त्याच वर्षी छापखाना सुरू झाला. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवायचा. वैजनाथ पंडित हे त्याचे मराठीतले आधार. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं, मराठी शब्द देवनागरीत, स्पष्टीकरण इंग्रजीत. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, तो मात्र मोडी खिळ्यांत (खिळा म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर). मराठी छपाईच्या अगदी पहिल्या पावलांपैकी ही पावलं मुंबई-पुण्यात पडली नाहीत, हुगळीकाठी पडली.

हे खिळे पाडणारे कारागीर म्हणजे पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर. आधी पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा. तो तांब्यावर ठोकला की सुलटं खोलगट अक्षर उमटतं, ती मातृका. मातृका साच्यात बसवून त्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार, पुन्हा उलट्या अक्षराचा. जोडाक्षरं आणि मात्रांमुळे देवनागरीला असे शेकडो ठसे लागतात. इंग्रजीचं काम त्यामानाने किती थोडक्यात भागतं, हे लक्षात घेतलं की या दोघांच्या बैठकीची कल्पना येते.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखितं, अनेक लिप्यांचे खिळे गेले. पण शिसं लवकर वितळतं, पोलाद वितळत नाही. ठसे आणि मातृका वाचल्या, राखेतून शिशाचे गोळे उपसून काढले, त्याच धातूचे नवे खिळे ओतले आणि छपाई पुन्हा सुरू झाली.

कॉलेज १८१८ चं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. आवारातच कॅरी ग्रंथालय आणि संशोधन केंद्र आहे. आधी पत्र पाठवून परवानगी काढा, ओळखपत्र सोबत ठेवा, आणि रविवार टाळा. कॅरी १८३४ मध्ये इथेच वारला. मिशनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. ओले बी वेगळ्या, डॅनिश दफनभूमीत. दोन्ही ठिकाणी पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढतं, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने धरा.