बडोद्यात बसून फिओर्डलँडचा कंटूर मॅप, माझा अनुभव

मावसभाऊ न्यूझीलंडला असतो, त्याने तिथल्या फिओर्डलँड भागातल्या मिलफर्ड साऊंड या खाडीचा फोटो पाठवला आणि मी ठरवलंच की या किनाऱ्याचा कंटूर मॅप, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा रेषांनी जोडणारा नकाशा, आपण स्वतः करायचा. मॅपिंगच्या क्लासमध्ये पावागड डोंगराचा एका दिवसात झाला होता, म्हटलं हाही होईल. लागले अडीच महिने.

डेटा एसआरटीएमचा घेतला, म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर शटलने 11 दिवसांत रडारने मोजलेली उंची. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिलशेड, म्हणजे डोंगरांची उन्हासावली, केली तर सगळं नुसतं काळंपांढरं, डोंगर दिसेचना. दोन रात्री गेल्या तेव्हा कळलं, उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अक्षांश-रेखांशाच्या डिग्रीत, आधी न्यूझीलंडच्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या सपाट नकाशात, घ्यायला हवं होतं. पावागडचा डेटा क्लासमध्ये तयारच मिळालेला, त्यामुळे हे कधी समोर आलंच नव्हतं.

मग दर 20 मीटर उंचीला एक असे कंटूर काढले. तिथले कडे समुद्रातून थेट उठतात, माइटर पीक हे शिखर 1,683 मीटर. 60 अंशांच्या उतारावर 1:50,000 स्केलला दोन रेषांत पाव मिलिमीटरसुद्धा जागा उरत नाही, त्यात डेटाचा एक पिक्सेल 30 मीटरचा, म्हणजे शिखर बोथट होणारच. शिवाय रडार तिरकं बघतं, कड्यामागचं त्याला दिसत नाही.

खरी चूक दांडिया बाजारच्या काकांनी पकडली. सिंचन खात्यातून रिटायर, आयुष्यभर थिओडोलाइट, म्हणजे सर्व्हेचं कोन मोजायचं यंत्र, घेऊन हिंडलेले. प्रिंट बघून म्हणाले, "अगं, ही नदी डोंगराच्या अंगावरून आडवी चाललीये! कंटूर नदीला ओलांडताना त्याचं टोक वरच्या बाजूला वळायला हवं ना." नद्या मी तिथल्या सरकारी नकाशातून घेतल्या होत्या आणि कंटूर रडारचे, दोघांचा मेळच नव्हता. त्यात तिथलं बीच नावाच्या झाडांचं जंगल इतकं दाट की रडार बरेचदा झाडांच्या शेंड्यांवरूनच परत येतं, 20 मीटरचं झाड म्हणजे एक अख्खा कंटूर हो!

शेवटी एसआरटीएम सोडलं आणि तिथल्या सरकारी खात्याचं, लिंझचं 8 मीटर पिक्सेलचं उंचीचं मॉडेल घेतलं, ते फुकट मिळतं आणि त्यांच्या टोपो50 नकाशांच्या कंटूरवरूनच केलेलं आहे, म्हणून नद्या बऱ्याच जागेवर बसल्या. 1851 साली एचएमएस अचेरॉन जहाजाने याच किनाऱ्याचा सर्व्हे केला होता, तेव्हा ना रडार ना विमान, ते आठवलं की मला खरंच भरून येतं.

काल काका पेन्सिल घेऊन बसले होते. क्लेडाऊ नदी बरोबर आहे म्हणाले, आर्थर नदीच्या एका ओढ्यापाशी खूण केलीये, ती आज रात्री बघते.