फ्रेंचच्या शिक्षकांची टंचाई आणि नव्या शाळेची मुलाखत

मी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात फ्रेंच शिकवते. गेल्या महिन्यात नाशिकहून एका तरुण शिक्षिकेचा फोन आला. ती तेथील एका शाळेत सहा वर्षे फ्रेंच शिकवते आहे, टीसीएफ कॅनडा या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत उत्तम गुण मिळाल्यामुळे तिच्या कॅनडाला स्थलांतराचे काम मार्गी लागले आहे, आणि तिला माझ्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. "ताई, तिकडे फ्रेंचच्या शिक्षकांची एवढी टंचाई आहे म्हणतात, मग मला आल्या आल्या शाळा मिळेल ना?" फोनवर मी तिला जे सांगितले ते अपुरे होते, याची रुखरुख मला दोन दिवस लागून राहिली. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टंचाई खरी आहे, हे आधी सांगते. ओंटारिओ प्रांतात सरकारी खर्चाने चालणाऱ्या इंग्रजी शाळांमध्ये चौथी ते आठवीपर्यंत फ्रेंच सक्तीचे आहे आणि त्यानंतर माध्यमिक शाळेत त्याचा किमान एक अभ्यासक्रम पूर्ण करून एक क्रेडिट मिळवावे लागते. आठवी संपेपर्यंत प्रत्येक मुलाचे फ्रेंचचे किमान ६०० तास भरले पाहिजेत असा नियम असल्यामुळे बहुतेक शाळांत रोज ४० मिनिटांचा तास असतो; याला येथे कोअर फ्रेंच म्हणतात. त्याखेरीज इमर्शनचे वर्ग आहेत, ज्यांत इतर विषयही फ्रेंचमधून शिकवले जातात आणि आठवीपर्यंत किमान ३,८०० तास पूर्ण करावे लागतात. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सँ-लाँबेर येथील इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहातून सुरू झालेला हा प्रयोग आता देशभर पसरला असून इमर्शनसाठी पालकांची मागणी मोठी आहे. शिक्षक मात्र त्या प्रमाणात तयार झाले नाहीत. २०१९ मध्ये कॅनडाच्या राजभाषा आयुक्तांच्या कार्यालयाने केवळ या तुटवड्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. २०२३ पासून एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतरितांच्या निवडपद्धतीत फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या होऊ लागल्या आणि २०२५ मध्ये शिक्षणक्षेत्राचाही स्वतंत्र गट झाला. हे सगळे वाचून पुण्यामुंबईच्या फ्रेंच शिक्षकांच्या मनात आशा निर्माण होणे स्वाभाविक आहे. माझ्याही मनात ती निर्माण झाली होती.

पण देशात प्रवेश देणारे आणि वर्गात प्रवेश देणारे वेगवेगळे आहेत. ज्या गुणांवर आपल्याला व्हिसा मिळतो ते गुण शाळेत कोणी विचारत नाही. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत शिकवण्यासाठी ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्स या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. नावात कॉलेज असले तरी ते महाविद्यालय नाही. शिक्षकी व्यवसायाचे नियमन करणारी, १९९७ पासून काम करणारी ती संस्था आहे. तिच्याकडे पदवीची आणि बी.एड.ची कागदपत्रे आपण स्वतः नेऊन देऊन चालत नाही, ती आपल्या विद्यापीठाकडून थेट जावी लागतात. मी बी.एड. एका दुसऱ्या गावी केले होते आणि तेथून ती कागदपत्रे निघायला ७ महिने लागले. त्या ७ महिन्यांत मी एका दुकानात कपड्यांच्या घड्या घातल्या, आणि रात्री घरी आल्यावर भारतातल्या त्या कार्यालयाला फोन लावत बसले. ज्यांना इकडे यायचे आहे त्यांनी निघण्यापूर्वी, स्वतः खिडकीपाशी उभे राहून हे काम पूर्ण करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझे बी.एड. एका वर्षाचे होते. भारतात २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले आणि ओंटारिओनेही त्याच वर्षी आपला शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम दुप्पट केला, त्यामुळे माझ्यासारख्या जुन्या पदवीधरांना अधिक अभ्यास करावा लागला तर त्यात अन्याय आहे असे मला वाटत नाही. मला खरा धक्का बसला तो प्रमाणपत्र हातात आल्यावर. बी.एड.ला माझे अध्यापनाचे विषय इंग्रजी आणि इतिहास होते, म्हणून प्रमाणपत्रावरही तेच आले. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांपासून डाल्फ सी-१ या फ्रेंचच्या प्रगत परीक्षेपर्यंतचा प्रवास आणि ११ वर्षांचे फ्रेंचचे अध्यापन यांपैकी काहीच त्यावर नव्हते. फ्रेंच शिकवण्याची पात्रता त्यावर येण्यासाठी विद्यापीठाची भाषापरीक्षा देऊन १२५ तासांचा एक जादा अभ्यासक्रम करावा लागतो, तो मी केला. सुरुवातीला अपमान वाटला होता. अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या आठवड्यात तो गेला, कारण लहान मुलांना परकी भाषा कशी बोलती करायची याचे रीतसर शिक्षण मला आयुष्यात प्रथमच मिळत होते.

त्या अभ्यासक्रमात माझ्यासोबत अल्जीरियाहून आलेल्या एक बाई आणि कॅमेरूनचे एक शिक्षक होते. आम्ही तिघे बाकी सगळ्यांपेक्षा वयाने मोठे होतो आणि एकमेकांशी फ्रेंचमध्ये, "तुम्ही" म्हणूनच बोलत असू. त्यांचे फ्रेंच माझ्याहून कितीतरी सहज होते, कारण ते दोघेही त्या भाषेतूनच शाळा शिकले होते. त्यांना काम माझ्या आधी मिळेल याबद्दल मला शंका नव्हती. प्रत्यक्षात त्यांची अडचण वेगळ्या ठिकाणी निघाली. इंग्रजी शाळेत फ्रेंच शिकवले तरी शिक्षकांच्या बैठका इंग्रजीत होतात, प्रगतिपुस्तकावरचे शेरे इंग्रजीत लिहावे लागतात, पालकांचे फोन इंग्रजीत येतात, आणि मुलाखतीचा मोठा भाग इंग्रजीतच असतो. कॅमेरूनच्या सरांनी १५ वर्षे ७० मुलांचे वर्ग सांभाळले होते, पण वर्गाची शिस्त कशी राखाल या प्रश्नाचे इंग्रजीतले उत्तर त्यांना चार वाक्यांच्या पुढे नेता आले नाही. माझ्यासारख्यांची खरी परीक्षा फ्रेंचमध्ये होते आणि त्यांची इंग्रजीमध्ये.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण भारतातून अर्ज करणारे अनेक जण तिच्यात फसतात. ओंटारिओत सरकारी खर्चाने चार शाळाव्यवस्था चालतात: इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक आणि फ्रेंच कॅथलिक. या शाळा चालवणाऱ्या एकूण ७२ बोर्डांपैकी १२ फ्रेंच आहेत. फ्रेंच बोर्डाच्या शाळांत फ्रेंच हा केवळ विषय नसतो. ती शाळेची, मधल्या सुट्टीची, सूचनाफलकाची भाषा असते, आणि त्या शाळा तेथील फ्रेंचभाषक समाजाने झगडून मिळवलेल्या आहेत. १९१२ च्या १७व्या नियमाने ओंटारिओत फ्रेंचमधून शिकवणे पहिल्या दोन इयत्तांपुरते मर्यादित केले होते आणि तो नियम १९२७ पर्यंत राबवला गेला. त्या समाजाला आपल्या शाळेत येणाऱ्या शिक्षकाकडून भाषेबरोबर त्या इतिहासाविषयी आस्थाही अपेक्षित असते. अल्जीरियाच्या बाईंनी तो इतिहास मन लावून वाचला आणि त्यांना अशाच एका शाळेत काम मिळाले. माझ्यासारखीची जागा मात्र इंग्रजी शाळांतल्या कोअर फ्रेंचमध्येच होती.

आधी बदली शिक्षिका म्हणून, म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या जागी, काम केले. सकाळी साडेसहाला फोन वाजायचा आणि आठपर्यंत कोणत्या तरी अनोळखी शाळेत पोहोचायचे. अनेक शाळांत कोअर फ्रेंचच्या शिक्षकाला स्वतःची खोली नसते. पुस्तके, चित्रे, स्पीकर असे सगळे एका चाकांच्या गाडीवर रचून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात ढकलत न्यावे लागते. शिक्षक या विषयात का टिकत नाहीत, हे समजायला मला त्या गाडीने फार मदत केली. दुसऱ्याच्या वर्गात, दुसऱ्याने लावलेल्या बाकांसमोर, पाच मिनिटांत गाडी लावून ४० मिनिटे शिकवायचे आणि पुन्हा आवरायचे, असे दिवसातून सहा वेळा करणाऱ्या माणसाला पाहुण्यासारखे वागवले जाते. शाळांनी या शिक्षकांना एक खोली दिली तरी तुटवडा थोडा कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

माझी पहिली मुलाखत अयशस्वी झाली, आणि तिच्याबद्दल लिहिणे मला सर्वांत आवश्यक वाटते. समोर तिघे होते. त्यांपैकी मुख्याध्यापकांना फ्रेंच येत नव्हते आणि बोर्डाच्या फ्रेंच विषयाच्या सल्लागार बाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. चौथीला पदार्थांची नावे कशी शिकवाल, असे त्यांनी विचारले. मी उपपदांपासून सुरुवात केली, पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामांचे तक्ते सांगितले, वाक्यरचनेचे टप्पे सांगितले. माझे बोलणे संपल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तास संपवून बाहेर पडताना मुले कोणते वाक्य स्वतः बोलू शकतील?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ११ वर्षांत मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मीही तो स्वतःला विचारला नव्हता. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते त्यात गुण चांगले पडतात म्हणून. भाषांतर, व्याकरण आणि ठरावीक निबंध यांवर सगळी तयारी होते, आणि त्या चौकटीत मी चांगली शिक्षिका होते. ओंटारिओच्या २०१३ च्या अभ्यासक्रमात ऐकणे आणि बोलणे हे पहिले दोन विभाग आहेत, वाचन आणि लेखन त्यांच्या मागून येतात. मी तो अभ्यासक्रम वाचला होता, पण माझी शिकवण्याची सवय त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

दुसरा धडा एका मुलीने दिला. बदलीच्या तासाला मी जेवणांची नावे शिकवत होते: सकाळी पती देजने, दुपारी देजने, रात्री दिने. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली की तिची आजी दुपारच्या जेवणाला दिने म्हणते आणि रात्रीच्या जेवणाला सुपे. आजी उत्तर ओंटारिओतल्या फ्रेंच घरातली होती आणि कॅनडाच्या दृष्टीने तिचेच बरोबर होते. येथे सकाळी देजने, दुपारी दिने आणि रात्री सुपे असते. शनिवार-रविवारला येथे फँ द समेन म्हणतात आणि खरेदीला जाणे म्हणजे मागाझिने. आमची पुस्तके पॅरिसची होती, त्यामुळे ज्या मातीत मी शिकवणार होते तिथली भाषाच मला परकी होती. त्या दिवसापासून मी रोज माँट्रियलच्या बातम्या आणि मुलांचे कार्यक्रम ऐकू लागले.

त्यानंतर वर्षभराने टोरोंटोच्या पश्चिमेला, जेथे नुकतीच घरे उभी राहिली होती अशा वस्तीतल्या एका नव्या शाळेची जागा निघाली. नवी शाळा उघडते तेव्हा तिच्यातल्या जागा आधी बोर्डातल्या कायम शिक्षकांना बदलीने दिल्या जातात आणि उरलेल्या बाहेर जाहीर होतात. उरलेल्यांत फ्रेंचच्या जागा हमखास असतात. नेमणुका बदली शिक्षकांच्या यादीतील ज्येष्ठतेला बांधून ठेवणारा २०१२ चा नियम २०२० मध्ये रद्द झालेला असल्यामुळे माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीलाही मुलाखतीला बोलावणे शक्य होते.

या मुलाखतीत मला विचारले गेले की फ्रेंच माझी मातृभाषा नाही, याचा मुलांवर काय परिणाम होईल. या प्रश्नाची मला एके काळी भीती वाटत असे. या वेळी मी सांगितले की या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरी पंजाबी, उर्दू किंवा गुजराती बोलतात आणि ती मुले फ्रेंचच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाहीत. फ्रेंचमधल्या 'तू' आणि 'व्हू' (तुम्ही) यांतला फरक इंग्रजीतून समजावताना दहा मिनिटे जातात. पंजाबी मुलाला तूं आणि तुसीं एवढे म्हटले की पुरते. विशेषण नामाप्रमाणे बदलते, हे ज्याच्या घरी चंगा मुंडा आणि चंगी कुडी म्हणतात त्याला नवीन नसते. मी माझे स्वतःचे उदाहरणही दिले. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले की भूतकाळातले धातुसाधित त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, हा नियम भल्याभल्यांना छळतो. पण 'आंबा मी खाल्ला' आणि 'पोळी मी खाल्ली' असे लहानपणापासून म्हणणाऱ्या मला तो कधी अवघड वाटला नाही. ही भाषा मी बाहेरून, एकेक पायरी चढून शिकले आहे, त्यामुळे मूल कोणत्या पायरीवर अडखळेल ते मला आधी दिसते. मग सल्लागार बाईंनी तोच जुना प्रश्न विचारला आणि मी पाठाच्या शेवटी मुले एकमेकांना काय विचारतील व काय उत्तर देतील ती दोन वाक्ये म्हणून दाखवली.

मला अर्धवेळ जागा मिळाली, तीही एका शिक्षिकेच्या रजेपुरती. कायम जागेला आणखी दीड वर्ष लागले. कॅमेरूनचे सर अजून बदलीवर काम करतात आणि संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जातात. एवढ्या अनुभवाचा माणूस तुटवड्याच्या काळात वाट पाहत राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

नाशिकच्या शिक्षिकेला मी आता एवढेच काम दिले आहे की तिने चौथीच्या वर्गात घेतलेल्या एका तासातली तीन मिनिटे फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवावीत. तिने ती काल पाठवली. तिचे उच्चार स्वच्छ आहेत आणि आवाजात माया आहे. तीन मिनिटांपैकी अडीच मिनिटे ती बोलते आहे आणि अर्धा मिनिट मुले. मी तिला उलट वाटणीची दुसरी तीन मिनिटे पाठवायला सांगितले आहे.