वेर्नाच्चा परत पाठवली तेव्हा
इटलीच्या सार्डिनिया बेटावर काब्रासजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये मी सर्व्हिसला आहे, वाइनचं पण आता मीच बघतो. काब्रास म्हणजे बोत्तार्गाचं गाव. बोय माशाची अख्खी गाबोळी मीठ लावून, दाबून वाळवतात आणि मग स्पॅगेटीवर किसतात. आपल्याकडे गाबोळी तव्यावर गेली की संपली, त्यामुळे मला सुरुवातीला हे जरा अतीच वाटायचं.

तर परवा शनिवारी मिलानचं सहा जणांचं टेबल. त्यातल्या काकांनी बसल्या बसल्या कान्नोनाऊ मागवली, इथली जड रेड, आणि खायला बोत्तार्गा स्पॅगेटी नि शिंपल्या घातलेली फ्रेगोला (रव्याच्या बारीक गोळ्यांचा पास्ता). म्हटलं साहेब, ती पोर्चेद्दूसोबत घ्या (भाजलेलं डुकराचं पिल्लू), माशाबरोबर अशी रेड तोंडात लोखंडासारखी लागते. बरं, मग तूच आण म्हणाले. मी वेर्नाच्चा दि ओरिस्तानो आणली.

आता ही वाइन म्हणजे पिंप मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, वर हवा राहते, तिथे यीस्टचा पापुद्रा धरतो आणि तशीच वर्षानुवर्षं ठेवतात, त्यामुळे रंग मधासारखा, वास अक्रोड-बदामाचा, अल्कोहोल 15 टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या वाइनला असा वास आला तर आम्हीच फेकून देऊ. काकांनी वास घेतला, ग्लास सरकवला, "ही गेलीये, बदल." बाटली चांगली होती, मी आधी चाखलेली, पण गिऱ्हाइकाला तोंडावर कसं सांगणार! 1971 ची डीओसी (वाइनच्या मूळ भागाचा सरकारी दर्जा), सार्डिनियातली पहिली वगैरे भाषण गिळलं, आत जाऊन बोत्तार्गाचे पातळ काप, ऑलिव्ह ऑइल आणि पाने कारासाऊ (इथली पापडासारखी कुरकुरीत रोटी) आणली, म्हटलं आधी हे खा, मग एक घोट घ्या, नाही जमलं तर बदलतो.

काकांनी खाल्लं, प्यायले, परत खाल्लं, आणि म्हणाले वेर्मेंतिनो दि गाल्लुरा आण, म्हणजे इथली व्हाइट. आणली. खरं सांगायचं तर शिंपल्यांना तीच बरी, वेर्नाच्चा फ्रेगोलाला दाबून टाकते. पण बोत्तार्गापुढे वेर्मेंतिनो फिकी पडते, यावर मी कुणाशीही भांडेन.

त्यांच्या सासूबाई मात्र एक शब्द न बोलता कापावर काप खात होत्या. जावयाचा ग्लास ओढून संपवला आणि बाटली स्वतःकडे घेतली.

मॅनेजर म्हणाला वेर्नाच्चा बिलात धरू नको. मी धरली, अर्ध्याहून जास्त संपली होती. काकांनी बिल बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि गुपचूप कार्ड काढलं.