दम न धरता

आमच्या गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या पोरांची एकच परीक्षा असे. तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. आबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पाण्यात सोडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्या उन्हाळ्यात डबा सुटला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी गाळ आणला. आबा पायरीवर बसून मोठमोठ्यानं आकडे मोजत असायचे. कोण किती दम धरतो, यावर आमची सगळी पत ठरलेली.

तेहतीस वर्षांनी, अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन बुडी मारणं शिकताना, छातीभर पाण्यात मला प्रशिक्षकानं सांगितलेला पहिला नियम होता, "साँस कभी मत रोकना, दीदी. कभी नहीं."

हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण जेटीवरचे रिक्षावाले अजून हॅवलॉकच म्हणतात. आम्ही आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला (तेही आता श्री विजयपुरम झालंय) उतरलो, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर बराच वेळ उभे राहिलो आणि सकाळच्या बोटीनं इथे आलो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांनी वसवलेलं हे बेट. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर अशी. सुपारीच्या बागा, भाताची खाचरं, माशाचा रस्सा-भात. कोकणातल्या माणसाला परकं वाटावं असं फार थोडं. फक्त घड्याळाशी जुळवून घ्यावं लागतं. बेट इतकं पूर्वेला आहे की हिवाळ्यातही साडेपाचला झुंजुमुंजू होतं आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत दिवस मावळून जातो.

पाच-सात वर्षांपूर्वी मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला मी एकदा पाण्याखाली गेले होते. तेव्हा मागून कुणीतरी मला धरलं होतं आणि जिकडे नेलं तिकडे मी गेले. मजा आली, पण ते शिकणं नव्हतं. या वेळी ओपन वॉटर कोर्स करायचा ठरवलं होतं. चार दिवस, समुद्रातल्या चार डाइव्ह, आणि शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याचा परवाना.

पहिली दुपार वर्गात गेली. आमचा प्रशिक्षक गोविंदनगरचाच, पंचविशीतला मुलगा. त्यानं फळ्यावर एक फुगा काढला आणि मला माझी विहीर नव्यानं कळली. समुद्रात दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वीस मीटरवर तिप्पट. विहिरीत आम्ही वर श्वास घ्यायचो, तो खाली जाताना छातीत दाबला जायचा आणि वर आल्यावर पुन्हा होता तेवढा व्हायचा. त्यात हवा फुगायचा धोका नव्हता, आबांचं मोजणं बरोबरच होतं. पण सिलिंडर पाठीवर असला की श्वास खाली घेतला जातो, तिथल्या दाबाचा. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा कोंडून वर आलात, तर तीच हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास चालूच ठेवायचा. सिलिंडरची हवा तोंडात पोचवणारा रेग्युलेटर काही कारणानं निघाला, तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे.

सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन असतो, असं मला कालपरवापर्यंत वाटत होतं. त्यात साधी हवाच असते, आपण ओसरीवर बसून घेतो ती, फक्त दाबून भरलेली. सुरुवातीला दाबाचा काटा २०० बारवर असतो आणि तो ५० वर यायच्या आत वर परतायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती बघून पाण्यात शिरलो. ओहोटीला हा पूर्वेकडचा किनारा खूप आत सरतो आणि नुसते खडक उघडे पडतात. एकेक कौशल्य आधी तो करून दाखवायचा, मग आम्ही. रेग्युलेटर काढून पुन्हा लावणं जमलं. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून बाहेर काढणं जमलं. मग त्यानं मास्क पूर्ण काढायची खूण केली.

मास्क निघाला, गार पाणी नाकाशी आलं आणि माझ्या अंगानं तेहतीस वर्षांपूर्वीचं शिकलेलं केलं. दम धरला. रेग्युलेटर तोंडात होता, हवा तयार होती, आणि छाती कुलूप लावल्यासारखी बंद. डोळ्यांपुढे हिरवट धूसर. मी पाय मारून वर आले. पाणी दोन मीटरही खोल नव्हतं, तरी हात थरथरत होते.

त्यानं घाई केली नाही. "दीदी, पहले सिर्फ सुनो," म्हणाला. मास्क न लावता, नुसतं तोंड पाण्यात बुडवून, स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकायचा. आत घेताना सूंऽऽ, सोडताना बुडबुड्यांची खळखळ. पंधरा मिनिटं मी तेवढंच केलं. खळखळ थांबली की समजायचं, दम धरलाय. चौथ्या खेपेला मास्क काढून मी वाळूवर गुडघे टेकून बसले आणि खळखळ चालू होती. डोळे मिटलेले. मास्क परत चढवून पाणी फुंकलं, तेव्हा समोर तो दोन्ही हातांनी ओकेची खूण करत होता. मला पाण्याखाली रडू आलं. मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

त्यानंतरचं सगळं सोपं वाटलं. उतरताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे. अंगठा वर केला की 'छान' नाही, 'वर चला' असा अर्थ. हे मी दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा तो खरंच मला वर घेऊन निघाला.

निमो रीफ नावाच्या प्रवाळांच्या जागी निमो, म्हणजे क्लाउनफिश मासे भेटले. समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांत ते बिनघोर लोळत होते. त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्यांना डंखापासून वाचवतो. सगळे नर म्हणून जन्मतात, घरातली सर्वांत मोठी ती मादी, आणि ती गेली की सर्वांत मोठा नर मादी होतो. बाजूला बरीच मोडलेली, करडी प्रवाळं पडली होती. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती, असं त्यानं वर्गात सांगितलं होतं. ऐकणं वेगळं आणि त्या ढिगावरून तरंगत जाणं वेगळं. गावातलं पडकं घर बघताना होतं तसं झालं. त्या ढिगातच एका जागी पंजाएवढं नवं प्रवाळ फुटलेलं त्यानं बोटानं दाखवलं. हात लावायचा नाही, ही खूण त्यानं त्याआधीच केली होती.

शेवटची डाइव्ह लाइटहाउस नावाच्या जागी, १६ मीटर. तिथे माझ्या नखांचं लाल नेलपॉलिश काळपट तपकिरी दिसत होतं, कारण पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. कुठून तरी कुरकुर ऐकू येत होती, चुरमुरे चावल्यासारखी. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं पळतो, त्यामुळे तो कुठून येतो ते कानांना उमगत नाही. मी गोल फिरले तेव्हा दिसलं, निळे-हिरवे पोपटमासे चोचींनी खडक खरवडत होते. श्वास घेतला की मी वीतभर वर उचलली जायची, सोडला की अलगद खाली. हात हलवायची गरज नव्हती.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. बोटीच्या तळाची सावली डोक्यावर झुलत होती.

डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, म्हणून एक दिवस रिकामा ठेवला होता. संध्याकाळी राधानगरच्या वाळूवरून घरी फोन लावला. आबा आता ऐंशीचे आहेत, विहीर केव्हाच बुजवली.

"किती वेळ होतीस गं पाण्यात?"

"शेवटच्याला ४४ मिनिटं."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. ते मनातल्या मनात मोजत असावेत.

"आणि दम?"

"धरलाच नाही, आबा. धरायचा नसतो तिथं."

"असं होय," ते म्हणाले. "मग नीट सांग बघू पहिल्यापासून."

मी फुग्यापासून सुरुवात केली. पोपटमाशांपर्यंत आले आणि रेंज गेली.