उलटं मिठागर

ठाणे पूर्वेला, कोपरीत, मीठबंदर नावाचा रस्ता आहे. तिथून चालत सात मिनिटांवर आमचं घर. गेल्या वर्षी जानेवारीत एक कुरिअरवाला मुलगा लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढून आला आणि धापा टाकत विचारता झाला, "काय आहे मॅडम यात? सिमेंट?" मी म्हटलं, "मीठ." तो काही बोलला नाही. पण सही घेताना त्याने पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

मीठ परदेशातून आलेलं. त्याचा खरा भाव सासूबाईंना मी आजवर सांगितलेला नाही. त्या समजतात सैंधवाच्या आसपास असेल. समजू देत.

खूळ जुनं आहे. चौथीत असताना शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ सालची ती इमारत, आत काळोख, आणि त्या काळोखात उजळलेल्या काचा. बाकीची मुलं कासवापाशी रेटारेटी करत होती. मी एका कोपऱ्यातल्या लहानशा टाकीसमोर उभी राहिले, कारण तिथे गर्दी नव्हती. आत एक दगड होता आणि दगडावर फुलासारखं काहीतरी होतं, जे फूल नव्हतं. बाईंनी दंड धरून बाहेर काढेपर्यंत मी तिथेच होते. पस्तीस वर्षांनी टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढा समुद्र घरी करायचं ठरवलं, तेव्हा डोळ्यासमोर तोच दगड होता.

तयार टाक्या मिळतात, पण मला हवी त्या मापाची मिळेना. टेबलावर नेमकी १४ इंचांची जागा. मग खोपटला एक काचवाला गाठला, जो एरवी शोकेस आणि देव्हाऱ्याच्या काचा करतो. १४ लांब, १२ रुंद, १२ उंच, आणि मागच्या बाजूला काचेच्याच पट्ट्या घालून तीन कप्पे: एकात कापूस आणि गाळणी, दुसऱ्यात हीटर, तिसऱ्यात पंप. त्याने कागदावरचं माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"मासे किती ठेवणार?"

"एक."

"एका माशाला थ्री बीएचके?"

पण काम त्याने सुरेख केलं. सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. तो वास दोन दिवस घरभर होता आणि नवऱ्याने दोनदा विचारलं, लोणचं बिघडलंय का. मग टाकी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून गळती तपासायची. रात्रभरात पेपरवर एक थेंब जरी पडला तरी अक्षर फुगतं आणि लगेच कळतं. सकाळी उठून मी आधी पेपर पाहिला, म्हणजे खालचा, आठवड्यापूर्वीचा.

पाणी करणं हा वेगळाच स्वयंपाक. नळाचं चालत नाही, कारण त्यातलं क्लोरीन जंतू मारतं आणि इथे तर जंतूच पोसायचे असतात. आरओचं पाणी घ्यायचं, ते रेझिनच्या नळीतून पुन्हा गाळायचं, टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या काट्यावर, शून्य दिसलं की मग मीठ. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. माझ्या टाकीत २७ लिटर मावतं, म्हणजे किलोला थोडं कमी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, नव्या बादलीत पंप सोडून रात्रभर ढवळत ठेवलं. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राच्या, काचेवर एक थेंब टाकून तो दुर्बिणीसारखा खिडकीकडे धरला. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्हीच्या मधली रेघ बरोबर १.०२५ वर. समुद्र तयार होता. फक्त त्यात कोणी नव्हतं.

कोणी येण्याआधी काहीतरी मरावं लागतं. मी चेंदणीहून आणलेल्या कोलंबीतली एक उचलून टाकीत टाकली. सासूबाई अलिबागकडच्या. त्या कोलंबी वाट्यावर नाही, नगावर आणतात.

"बारा होत्या. कालवणात अकराच आहेत."

मला सांगावं लागलं. कोलंबी कुजते, तिच्यातून अमोनिया सुटतो, तो माशाला विष. मग एका जातीचे जंतू वाढतात आणि अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे येऊन त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसवतं. ही साखळी दगडावर, वाळूवर, काचेवर बसली की टाकी राहण्याजोगी होते. "विरजणासारखंच आहे आई," मी म्हटलं.

"विरजण एका रात्रीत लागतं."

हे पाच आठवड्यांनी लागलं. दर तीन दिवसांनी मी काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायची आणि रंग तक्त्याशी ताडायची. पिवळा, पोपटी, गडद हिरवा, पुन्हा पोपटी, पुन्हा पिवळा. मध्ये दगड आणि वाळू चहा सांडल्यासारखी तपकिरी झाली. हा डायटमचा थर, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ते येतं आणि जातं. जायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत घरी आलेला प्रत्येक पाहुणा म्हणाला, "अरे वा, साफ कधी करता?"

दगडाचीही गोष्ट आहे. एका दुकानदाराने आतल्या खोलीत नेऊन मला पाण्यात बुडवलेला खराखुरा प्रवाळी दगड दाखवला होता. "ओरिजिनल मॅडम, डायरेक्ट समुद्रातून." याच कारणासाठी मी तो घेतला नाही. सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रपंखेही. त्याला हे ठाऊक नव्हतं असं मला मुळीच वाटत नाही, नाहीतर दगड आतल्या खोलीत कशाला? मी भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड घेतले, जे सुरुवातीला खडूसारखे पांढरे आणि निर्जीव दिसतात. गंमत म्हणजे आपल्या मुंबईच्या किनाऱ्यालाही प्रवाळ आहेत, गढूळ पाण्यात तग धरून. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती अलगद सोडवून दुसऱ्या जागी बसवाव्या लागल्या. मुंबईत रस्त्यासाठी वसाहत हलते ही काही नवी बातमी नाही, पण हे पुनर्वसन मी अगदी शेवटपर्यंत वाचलं.

मार्चमध्ये चार गोगलगायी आल्या. एप्रिलमध्ये मासा आला: नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, टाकीतच पैदास झालेला क्लाउनफिश. हे सगळे जन्माने नर असतात. त्यांच्या कुटुंबातला जो सर्वांत दांडगा, तो पुढे मादी होतो. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माशाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "घर सांभाळायची वेळ आली की होत असेल." मग त्याला रोज सकाळी दाणे टाकायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, तेही नगावर. सहा दाणे.

आणि मग मे आला.

ठाण्यातला मे २७ लिटरच्या समुद्राला सोसत नाही. खोलीत ३२ अंश, म्हणजे पाण्यातही थोड्याफार फरकाने तेवढेच, आणि पाहिजेत ते २६-२७ च्या आसपास. चिलर घ्यावा तर टाकीपेक्षा चिलर मोठा. मग वरती एक छोटा पंखा लावला, जो पाण्यावर फुंकर घालत राहतो. त्याने दोन-तीन अंश उतरतात, पण ज्या वाफेमुळे उतरतात ते पाणी उडून जातं. रोजचं जवळजवळ लिटरभर. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, आणि खारटपणा चढत जातो. म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी काचेवरच्या मार्करच्या रेघेपर्यंत आणायची.

गोडं. हे मी नवऱ्याला सांगितलं होतं, निदान माझी तशी समजूत होती. रत्नागिरीला मामेबहिणीच्या लग्नाला गेले, तीन दिवसांनी परतले, तर पाणी रेघेला अगदी टेकलेलं. मी खूश. मग पाहिलं तर गोगलगायी दारं लावून बसलेल्या, मासा हीटरच्या मागे. रिफ्रॅक्टोमीटर १.०२९. त्याने तीन दिवस, न चुकता, शिल्लक ठेवलेल्या बादलीतलं खारं पाणी घातलं होतं.

"समुद्रात खारंच पाणी घालणार ना?" तो म्हणाला. यात तर्काची चूक नव्हती. पुढचे दोन दिवस मी वाटी-वाटीने खारं काढत आणि गोडं घालत होते. एकदम केलं तर तेही बाधतं.

त्याच आठवड्यात नाना आले. नाना मागच्या चाळीत राहतात, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणापासून मुलुंडच्या मिठागरात. पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाताना खाडीच्या अंगाला पांढरे ढीग दिसायचे ना, तिथे. आमच्याकडे ते सासऱ्यांच्या वेळेपासून येतात, चहा घेतात, फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी टाकीजवळ वाकून उभे राहिले. मासा त्यांनी पाहिलाच नाही. ते काचेचा काठ पाहत होते. पंख्याच्या वाऱ्याने पाण्याचे तुषार उडतात, काठावर आणि झाकणाच्या कडेला बसतात, वाळतात, आणि तिथे पांढरी खरबरीत साय धरते. मी ती दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायची. हा रविवार लग्नात गेला होता.

"हे काय गो सूनबाई? मीठ पिकवलंस?"

आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी नखाने एक खपली काढून जिभेवर ठेवली. (तेव्हा टाकीत झोआंथिड्स, म्हणजे प्रवाळांचे मऊ भाऊबंद, नव्हते म्हणून बरं. त्यांच्यातल्या काही जाती भलत्या विषारी असतात. आता मी कोणाला बोट लावू देत नाही.) नानांनी तोंड वाकडं केलं.

"कडू हाय. कडू पाणी सोडलं नाहीस."

मला कळेना. मग ते खुर्चीवर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा अर्धा तास बोलले. दिवाळीनंतर हंगाम धरायचा. उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, आत घ्यायचं, कोंडायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत न्यायचं. उन्हाने दर कप्प्यात ते जड होत जातं. शेवटच्या कप्प्यात मीठ धरतं, आणि वर जे पाणी उरतं ते कडू. ते वेळेवर सोडून द्यावं लागतं. राहिलं तर सगळं पीक कडू, व्यापारी हात लावत नाही. किती जड झालं ते पाहायला मुकादमाकडे एक काचेची नळी असायची, पाण्यात उभी तरंगणारी. "पण आमाला नळी नको लागायची. पाणी हाताला कळतं. बुळबुळीत लागाया लागलं की समजायचं."

ते गेल्यावर मी मिठाच्या पिशवीवरचा तक्ता काढून बसले. नानांचं कडू म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते जवळपास १३०० मिलिग्रॅम असतं, आणि कॅल्शियम ४०० च्या वर. कॅल्शियम गोगलगायीच्या शंखाला लागतं, दगडावर जांभळट थर धरतो त्या शेवाळाला लागतं. मॅग्नेशियम नसेल तर ते कॅल्शियम पाण्यात टिकत नाही, चुन्यासारखं खाली बसतं. साधं मीठ टाकून समुद्र का होत नाही, तर यासाठी. म्हणजे नाना आयुष्यभर जे पाणी उघाडीतून परत खाडीत सोडत आले, नेमकं त्याच्यासाठीच मी पैसे मोजले होते. ते पाणी घालवून मीठ राखायचे. मी मीठ आहे तिथेच ठेवून रोज पाणी परत आणते. कप्पे मात्र दोघांचेही तीन.

तेव्हापासून नाना दर रविवारी येतात. जुलैत एकदा रात्री अकराला वीज गेली ती पहाटे साडेतीनला आली. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा मिसळणं बंद. मी वाटीने पाणी उचलून पुन्हा उंचावरून सोडत बसले, दर दोन मिनिटांनी. नवरा एकच्या सुमाराला उठून न बोलता दुसरी वाटी घेऊन आला. खाऱ्या पाण्याच्या प्रकरणाची भरपाई असावी. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा हवेचा पंप मागवला. नानांना सांगितलं तर म्हणाले, अवकाळी आला की आम्हीही रात्री कंदील घेऊन बांधावर असायचो, झालेलं पीक विरघळू नये म्हणून.

गणपतीनंतर झोआंथिड्स आणले, एका हौशी माणसाने आपल्या टाकीत वाढवलेल्यांतला तुकडा, आठ तोंडांचा. हे मऊ, दगडी सांगाडा न करणारे, म्हणून कायद्याच्या त्या यादीत नाहीत. पहिले दोन दिवस मिटून बसले, बटणासारखे. तिसऱ्या दिवशी निळा दिवा लागल्यावर त्यातलं एक उघडलं: मध्यभागी हिरवा ठिपका, भोवती नारिंगी कडं, कडेला पापण्यांसारखे बारीक तंतू. त्यांच्या अंगातच सूक्ष्म शेवाळ राहतं, उजेडावर अन्न करतं आणि घरभाडं म्हणून त्यातलं बरंचसं यांना देतं. खोलीतला मोठा दिवा मालवून मी किती वेळ तिथे उभी होते ठाऊक नाही. या वेळी दंड धरून बाहेर काढायला बाई नव्हत्या. सासूबाई होत्या. त्यांनी आत येऊन विचारलं, "हे खातं काय?" आणि उजेड खातं म्हटल्यावर, "बरंय, त्याला कोलंबी लागत नाही."

आता आठाची तेवीस तोंडं झालीत. पुन्हा मे आलाय, पुन्हा पंखा. परवा मी जुना टूथब्रश घेऊन झाकणाच्या कडेची साय खरवडत होते, फेकायची म्हणून एका वाटीत गोळा करत होते. नाना आले. हात पाठीमागे धरून वाकले, कारण बोट लावायचं नाही हे त्यांना आता माहीत आहे. वाटी उचलून उजेडाकडे धरली, जरा हलवली, खडा कसा सरकतो ते पाहिलं.

"यंदा बरं आलंय," म्हणाले, आणि चहा मागितला.